तेरसेची भरती

बांधावरून खाली उतरलो तेव्हा निवट्या तिवरांच्या मुळांवर चढून बसल्या होत्या. निवट्या म्हणजे चिखलात राहणारे बोटभर मासे. पाणी यायला लागलं की त्या वर सरकतात. मी त्या पाहिल्या, मुलांना दाखवल्या, मुलं खूश झाली, मीही खूश झाले. त्या वर का चढल्यात हा साधा प्रश्न मला पडला नाही. शाळेच्या निसर्ग मंडळाची मी प्रमुख होते आणि सातवीची बावीस मुलं माझ्या भरवशावर त्या चिखलात उतरली होती.

चारकोपच्या मागच्या अंगाला खाडी आहे, तिथे आम्ही दरवर्षी जायचो. भरतीची वेळ काढायला मी कधी मोबाइल उघडला नाही. माझे वडील मालवणकडचे. गिरणीत आयुष्य गेलं, पण समुद्राचं गणित त्यांच्या तोंडी होतं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे सकाळी साडेदहाला ओहोटी, तोवर चिखलात बिनधास्त फिरा. हे गणित मी मुलांना शिकवायचे आणि शिकवताना मला भारी अभिमान वाटायचा.

त्या वर्षीही सहल षष्ठीच्याच रविवारी ठरली होती. चाचणी परीक्षा मध्ये आली म्हणून ती आठवडाभर पुढे गेली. मी परिपत्रकातली तारीख बदलली. खालची भरतीची वेळ, साडेचार, तशीच राहिली. आठ दिवस मी तो कागद येता-जाता पाहत होते, आणि कागदावर माझीच सही होती म्हणून मला तो खरा वाटत होता.

बांधावर उभं राहून मुलांनी निरीक्षण-पत्रकाचा वरचा भाग भरला. पत्रकं गोळा करताना एक मुलगी माझ्याजवळ आली. उंच, अबोल, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी.

"बाई, आज तेरस आहे ना? आईचा प्रदोषाचा उपास आहे. मग पावणेदहा येतंय."

माझ्यामागे पोरांचा गलका चालला होता, पीटीचे सर घाई करत होते. मला राग आला. इतकी वर्षं हे गणित शिकवणारी मी, आणि ही मला भरती सांगणार.

"परिपत्रक वाचलंस का? साडेचार छापलंय ना? आधी कागद बघ, मग बोल."

"हो बाई," ती म्हणाली आणि पत्रक परत घेऊन गेली. थोड्या वेळाने तिने ते आणून दिलं. मी खुणा केल्या, पत्रकं भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी बांधावरच्या झाडाला अडकवली.

तेव्हा आठ वाजत होते. बांध आणि तिवरं यांच्यामध्ये एक ओहळ होता, घोट्याएवढा चिखल, पाणी नाहीच. आत जायची वाट तीच आणि परतायचीही तीच. आम्ही ओलांडून आत गेलो. मी श्वास घेणारी मुळं दाखवली, खेकड्यांची बिळं दाखवली. बिळांतून बुडबुडे येत होते. एक पोरगा म्हणाला, "बाई, खेकडे आत सोडा पितायत." सगळे हसले, मी पण.

मग हसणं थांबलं. कुणी थांबवलं नव्हतं. पक्षी उडून गेले होते आणि चिखलाचा रंग बदलत होता. पाणी आवाज करत आलं असतं तर बरं झालं असतं. ते मुळांच्या मधून सरकत होतं, माझ्या बुटांभोवती फिरून पुढे जात होतं, बांधाच्या दिशेने. मी मागे वळून ओहळाकडे पाहिलं. चिखल दिसत नव्हता.

तेरस, पावणेदहा. पुनवेच्या जवळची भरती, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त चढणार. सगळं गणित एका क्षणात आठवलं, वडिलांच्या आवाजात.

"सर, वाट लागली. मुलांना बाहेर काढा," मी म्हणाले.

सर ओहळाच्या मध्यात उभे राहिले. मुलांनी हात धरले. सरांच्या मांडीपर्यंत असलेलं पाणी बारक्या पोरांच्या कमरेवर होतं. एका मुलाचा पाय रुतला. ओढून काढला तेव्हा बूट खालीच राहिला. कुणी रडलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मी शेवटी थांबले होते, आणि ती मुलगी माझ्याबरोबर थांबली. उंच आहे म्हणून मीच तिला सांगितलं होतं. लहान पोरांना ती एकेक करून पुढे देत होती. आम्ही दोघींनी ओहळ ओलांडला तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती.

बांधावर मी तीनदा मुलं मोजली. बावीस. आम्ही गेलो होतो ती जागा पावणेदहाला दिसेनाशी झाली, फक्त तिवरांचे शेंडे वर होते.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी विचारलं, "कशी झाली सहल?" मी म्हणाले, "मुलं जरा भिजली, पण मजा आली." याची लाज मला अजून वाटते.

संध्याकाळी घरी पिशवी उघडली. पत्रकं कोरडी होती. तिचं पत्रक मी शोधून काढलं. 'भरतीची वेळ' समोर तिने पावणेदहा लिहिलं होतं. त्यावर पट्टी लावून सरळ रेघ मारली होती आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलं होतं: साडेचार. त्याच्यापुढे माझ्या लाल पेनाची खूण होती, बरोबर.