भाऊ बोलू शकत नाही, म्हणून

माझ्या बाबांचा अपमान झाला. यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, नागपुरातल्या त्याच सोसायटीत जिथे ते वॉचमन होते. आता ती नोकरी गेली.

उमरेडला आमचा हातमाग होता. तो बंद पडला आणि बाबा इथे गेटवर लागले. माझा भाऊ फौजेत आहे, चार वर्षांच्या भरतीतला. म्हणून त्या सकाळी सोसायटीच्या अध्यक्षांनी बाबांना पुढे बोलावलं, 'जवानाचे वडील' म्हणून शाल दिली. सगळ्यांनी संविधानाची उद्देशिका वाचली. मग अध्यक्ष म्हणाले, "कोणाले काही बोलायचं आहे?"

हे नुसतं विचारायचं म्हणून विचारतात. मला ते खरं वाटलं. उठले.

"चार वर्षांनी या भरतीतल्या बहुतेक पोरांना घरी पाठवणार. सरकारनं हे कोणाला विचारून ठरवलं?"

मागून आवाज आला, "हिलेच पाठवा न बॉर्डरवर!" हशा. शेजारच्या काकू माझी ओढणी ओढत म्हणाल्या, "बस न वं खाली."

अध्यक्ष बाबांकडे वळले. माझ्याकडे नाही. "पोरगा फौजेत अन् पोरगी फौजेच्या विरोधात? माफी मागायले लावा हिले. नाही तर उद्यापासून येऊ नका."

बाबांनी हात जोडले. अंगावर शाल तशीच. "पोरगी हाय जी, चुकली."

"बाबा, हात खाली घ्या. मी सरकारला विचारलं. फौजेला नाही."

हात खाली यायला वेळ लागला.

थकले मी हा फरक सांगून. जवानाला किती वर्षं ठेवायचं, कुठे पाठवायचं, पेन्शन द्यायची की नाही, हे आपण निवडून दिलेलं सरकार ठरवतं. ठरवावंच. मग जाब कोणाला विचारायचा? वर्दी चढली की भावाच्या बोलण्यावर बंधनं येतात. संविधानातच तशी सोय आहे. माझ्यावर ती बंधनं नाहीत. तो बोलू शकत नाही, म्हणून मला बोलावं लागतं.

बाबा आता मिहानच्या कंपन्यांकडे काम शोधत फिरतात. माझ्याशी कमी बोलतात. मी माफी मागितली नाही. मागणार नाही.

नंतर जिन्यात दोघं-तिघं हळूच म्हणाले, "बरोबर बोलली वं तू." जिन्यात! ही शाबासकी मला नको. तुम्हीही अशाच कुठल्या तरी खुर्चीत बसलेले असता. पुढच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या पोरीच्या बापाला हात जोडायला लावतील, तेव्हा उठा. तिथेच बोला. सगळ्यांना ऐकू जाईल असं.