खताचं लोणचं

आधी हातातला चहा संपवा बघू. नाही, खरंच संपवा! मी जे सांगणार आहे ते ऐकताना कुणाच्या तोंडात घोट असला, तर तो समोरच्याच्या शर्टावर जाणार, आणि समोर मी बसलोय.

झाला? बरं. तर गाढवपणा माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ झाला. पण मुलुंडला राहायला गेल्यावर मी जे केलं, त्याला तोड नाही. बाकीची माणसं नुसती चूक करतात हो. मी चूक पिंपात भरली, वरून झाकण ठोकलं आणि नीट तयार होऊ दिली!

ही गोष्ट एकोणीसशे पन्नास साल उलटल्यानंतरची. आम्ही तेव्हा गिरगावात एका खोलीत. कुसुमचं, म्हणजे आमच्या हिचं, माहेर पलीकडच्याच गल्लीत. खिडकीतून हाक मारली की सासूबाई हजर! मला मुलुंडला दोन खोल्या मिळाल्या तेव्हा सासरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. "मुलुंड? तिकडे माणसं राहतात?"

कुसुम काही हलेना. मग मी काय केलं? मला एकदा उत्साह आला की माझी जीभ माझं ऐकत नाही. म्हटलं, "अगं, घरामागे मोकळी जागा आहे. तुला बाग करून देतो! मोगरा, जास्वंद, अळू, दुधीचा मांडव. सकाळी उठायचं नि परसातली भाजी तोडून फोडणीला टाकायची!"

ती बिचारी त्या मोगऱ्यावर विश्वास ठेवून आली. पहिल्याच संध्याकाळी कोल्हे ओरडले. दुसऱ्या दिवशी तिने मागचं दार उघडलं. गुडघाभर गवत नि हातगाडीचं एक मोडकं चाक.

"अहो, बाग कुठाय?"

"ही काय! फक्त अजून केलेली नाही."

त्यात भानगड अशी की जागा आमची नव्हतीच. होती घरमालकीण आक्कांची. आक्का वरच्या मजल्यावर राहायच्या. नाक असं तिखट, की खाली कुणाची आमटी लागली हे वर जिन्यातून सांगायच्या. आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या पाध्ये मास्तरांचाही त्याच जागेवर डोळा! मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. सरळ माणूस, पण भयंकर शिस्तीचा.

आक्कांनी निकाल दिला. "भांडू नका रे. मधे सुतळी बांधा, अर्धी तू घे, अर्धी मास्तरांना. दोघांनी दुधी लावा. दसऱ्याला मी बघेन. ज्याचा दुधी चांगला, त्याला सगळी जागा."

त्या दिवशी जेवताना कुसुम म्हणाली, "ऐका. बाग झाली नाही ना, तर दिवाळीला मी आईकडे जाईन, ती परत यायची नाही."

मी हसलो. ती हसली नाही. 

आता योगायोग बघा! त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये शेतीखात्याचे एक साहेब घरच्या घरी खत कसं करायचं यावर बोलायला आले. मास्तर पहिल्या रांगेत. मी मागे, दाराशी. साहेब सांगत होते, भाजीची देठं, साली, पालापाचोळा, शेण, काही फेकू नका, थरावर थर द्या, आणि पावसाळा सरेपर्यंत बघा, याचं सोनं होतं!

सोनं म्हटल्यावर मी बसेन होय? उठलोच! तडक घरी.

मी उठून आल्यावर साहेब काय बोलले हे मला फार पुढे कळलं. ढीग उघडा ठेवा, कोरडा पाला घाला, वरखाली करत राहा, त्याला हवा लागू द्या. सगळं व्याख्यान म्हणजे तेवढंच होतं, आणि नेमका तेवढ्याला मी नव्हतो.

घरी येऊन मी डोकं चालवलं. आमच्या आईच्या हातचं कैरीचं लोणचं सगळ्या नातेवाइकांत नावाजलेलं. त्याचं गुपित काय? बरणी गच्च भरायची, दाबून दाबून, तोंडाला फडक्याचा दादरा करकचून बांधायचा, आणि मग कुणी हात लावायचा नाही. हवा शिरली की बुरशी आलीच!

"कुसुम!" मी ओरडलो, "खत म्हणजे दुसरं काय? कचऱ्याचं लोणचं!"

"अहो, पण त्या साहेबांनी असं सांगितलं?"

"त्यांनी सांगितलं, सोनं होतं. सोनं कुणी उघड्यावर ठेवतं का?"

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. 

भंगारवाल्याकडून तेलाचं लोखंडी पिंप आणलं. झाकणाला लोखंडी कडं, ते ठोकून बसवायचं. असं घट्ट की मुंगी शिरायची नाही. आत काय घातलं नाही ते विचारा! देठं, केळीच्या साली, शेण, आंबलेलं आंबोळीचं पीठ, बांगड्यांची डोकी. लोणच्याला गूळ लागतो, म्हणून घसघशीत गूळही घातला. ही कल्पना माझी स्वतःची बरं का! वरून पाणी ओतलं, पायाने दाबलं, कडं ठोकलं आणि पिंप सुतळीला लागून माझ्या अर्ध्या भागात उभं केलं.

पलीकडे मास्तरांनी नुसता ढीग केला. उघडा! खाली काटक्या, वर पाला, मग भाजीचा कचरा, परत पाला. आणि रोज सकाळी शाळेत जाण्याआधी धोतर खोचून ढीग वरखाली करायचे. त्यातून वाफा निघायच्या. मला हसू आवरेना.

"मास्तर, तुमचं खत तापाने फणफणलंय! डॉक्टरला बोलवू का?"

"दिगंबरराव, गरम झालं म्हणजे छान चाललंय. ढिगाला श्वास घ्यावा लागतो हो. तुमचं पिंप गुदमरेल!"

"लोणचं कधी गुदमरलंय का मास्तर?"

झालं! आठवडे गेले. सुतळीच्या दोन्ही बाजूंना दुधीच्या वेली मांडवावर चढल्या. मला तर स्वप्नात दुधी दिसायला लागले. आणि मग घरात वास यायला लागला.

वास म्हणजे कसा? सांगत नाही, तुम्हाला घरी जाऊन जेवायचंय.

सगळी बिऱ्हाडं हैराण! "घूस मेली असणार," कुणीतरी म्हणालं. घूस शोधायला सगळ्यांच्या पुढे कोण? मी! गटाराच्या फरशा उचलल्या, पाटीभर गाळ काढला, कौलांवर चढलो. आक्कांच्या माळ्यावर तर उलटा लटकून बघितलं. आक्का म्हणाल्या, "किती धडपडतोय बिचारा!" पिंपाचा संशयही आला नाही मला. लोणच्याची बरणी काय बाहेर वास सोडते?

कुसुमला मात्र संशय आला. "अहो, ते पिंप बघा. फुगलंय."

गेलो, बघतो तर खरंच! पिंपाचं झाकण घुमटासारखं वर आलेलं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मला असा आनंद झाला म्हणता!

"अगं, फुगलं म्हणजे तयार झालं! पीठ नाही का फुगत?"

तेवढ्यात आक्कांचं नाक त्यांना घेऊन खाली आलंच. मागून सगळी बिऱ्हाडं. "दिगंबर, मला वाटतं वास यातूनच येतोय."

माझा असा अपमान! "आक्का, अशक्य! हे हवाबंद आहे. आत्ता तुमच्यासमोर उघडतो. वास आलाच तर मातीचा येईल. खुर्ची आणा आक्कांना!"

श्रावणातली सर येऊन जात होती, म्हणून आक्का छत्री उघडून बसल्या. मास्तर मात्र हळूच ओटीवर सरकले. "दिगंबरराव, आत वायू साठला असेल. जरा सैल करा आधी, हळूहळू..."

हळूहळू? मी? हातोडा घेतला आणि कड्यावर असा हाणला!

आता काय झालं ते ऐका. धडाम! झाकण आकाशात. मी चिखलात. आणि पिंपातून जे उसळलं ते माझ्या डोक्यावरून, सुतळी ओलांडून, थेट मास्तरांच्या मांडवावर! सुतळीजवळच्या वेलींचं एकेक पान माखलं. झाकण कौलावर आदळून फुटक्या कौलांसकट खाली आलं. आक्का वाचल्या, पण छत्री गेली. ती छत्री पुढे आमच्या इथल्या भटक्या कुत्र्यांनीसुद्धा हुंगली नाही.

 मग आक्का छत्रीमागून म्हणाल्या, "दिगंबर, मातीचा वास असा असतो होय रे?"

मी कान झटकला. माझ्या कानात बांगड्याचं खवलं होतं.

"ऊठ. मास्तरांचं माखलेलं एक पान न् पान धुऊन दे. वास जाईपर्यंत."

धुतलं हो! सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून पाणी ओढायचं आणि मास्तरांच्या त्या वेलींवर ओतायचं. कुसुम एक शब्द न बोलता कळशी भरून द्यायची. तिने ओरडायला हवं होतं. ती ओरडत असली की मला धीर असतो.

आणि एवढं होऊन मी गप्प बसलो असेन असं वाटतं तुम्हाला? पिंपाच्या तळाशी अजून बादलीभर दाट रस उरला होता. तो फुकट घालवायचा? छे! सगळाच्या सगळा, पाण्याचा थेंब न मिसळता, माझ्या वेलींच्या मुळाशी ओतला. म्हटलं, आता बघा झकास दुधी!

पानं पिवळी पडली. मग काळी पडली. मग मांडवावर नुसत्या वाळक्या दोऱ्या राहिल्या. एका सकाळी बघतो तर कुसुमने माळ्यावरची ट्रंक काढून पुसायला घेतली होती.

"दिवाळीला अवकाश आहे गं."

"धूळ फार बसलीय," ती म्हणाली. एवढंच.

खरं सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. जागा गेली तर गेली, पण ही गेली तर मी त्या दोन खोल्यांत करायचं काय?

दसरा आला. आक्का काठी टेकत परसात उतरल्या. माझ्या मांडवाकडे त्यांनी बघितलंच नाही, एवढी दया केली. मग सुतळी ओलांडून मास्तरांच्या बाजूला गेल्या आणि थबकल्या.

काय ते दुधी! सुतळीजवळच्या वेलींना असे दुधी लागले होते, की तोडायचं सोडून कडेवर घ्यावेसे वाटत. पलीकडच्या भिंतीजवळच्या वेलींनाही होते. चांगले होते, पण आपले बाजारात मिळतात तेवढे.

"मास्तर, खत एकच ना? मग असं कसं?"

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी चष्मा पुसला. "आक्का, माझं खत दोन्हीकडे सारखंच आहे. पण या अलीकडच्या वेलींवर दिगंबररावांचं पिंप उडालं होतं. वर त्यांनी रोज इतकं पाणी ओतलं, की तो रस अगदी पातळ झाला. बंद पिंपात कुजलेला रस तसाच घातला तर मुळं जाळतो. भरपूर पाण्यात विरला तर मात्र औषध! माझ्या मोकळ्या खताने माती चांगली झाली, हे खरं. पण हे एवढे थोराड दुधी... यात त्यांचा वाटा आहे."

मी टुणकन उडी मारली! "म्हणजे मी जिंकलो! आक्का, हे माझ्या खताचे दुधी! कुसुम, ऐकलंस का?"

कुसुमने तोंडाला पदर लावला होता. रडत होती की हसत होती, कळेना.

आक्का माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दिगंबर, तू स्वतःच्या हाताने जे घातलंस ते जळलं. तुझ्या हातून जे निसटलं ते फळलं. खरं ना?"

"हो, म्हणजे तसं बघितलं तर..."

"मग निकाल झाला. मास्तरांची अर्धी मास्तरांना. तुझी अर्धी कुसुमला. आणि तू सुतळीच्या आत पाऊल टाकायचं नाहीस. पिंप ने तिकडे लांब नाल्यापाशी, आणि तिथे काय वाटेल ते कर. मास्तर सांगतील तेवढंच, ते सांगतील तितकं पाणी घालून, बाहेरून द्यायचं."

कुसुम हसतच होती! इतके दिवस कोंडलेलं हसू एकदम फुटलं तिचं. ट्रंक त्याच संध्याकाळी परत माळ्यावर गेली. वर मीच चढवली, आणि अशी मागे ढकलली की पुन्हा सहज हाती लागू नये.

पुढच्या उन्हाळ्यात काय मोगरा फुलला म्हणून सांगू! जास्वंद, अळू, माठ, सगळं. मास्तर तिला ढीग वरखाली करायला शिकवायचे आणि मी सुतळीबाहेर बादली धरून उभा.

एकदा माझ्या ऑफिसातला दोस्त घरी आला. मागच्या दारात उभा राहून बघतच राहिला. "वहिनी, मानलं बुवा! दिगंबरने बाग काय सुंदर केलीय!"

"हो ना भावजी," कुसुम मोगरा तोडता तोडता म्हणाली. "त्यांनी हातच लावला नाही."