मध्यरेषेपलीकडचा थ्रेलफॉल

एबेल थ्रेलफॉलचे हात बघून क्रॅगशॉ गावच्या बायका म्हणायच्या, हे हात नव्हेत, भट्टीतून पाव काढायची फावडी आहेत. तेराव्या वर्षी तो सूतगिरणीत लागला, तेव्हा मुकादमाने त्या पंजांना धाग्याजवळ फिरकूच दिलं नाही, थेट कापसाच्या गासड्या उचलायला पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत पोरांनी त्याला गोल म्हणून जमिनीवर टाकलेल्या दोन कोटांच्या मध्ये उभं केलं आणि चेंडू मारून मारून स्वतःच दमली. विशीत तो क्रॅगशॉच्या फुटबॉल संघाचा पगारी गोलरक्षक झाला. गिरणी सुटली, टोपी तिरकी झाली, आणि ती पुढे कधी सरळ झाली नाही.

पण त्याचं नाव झालं ते वेगळ्याच करामतीने. त्या काळी गोलरक्षकाला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडूला हात लावता यायचा. धरून पळायचं नाही, आपटत न्यायचा, एवढंच. बाकीचे भित्रे, खांब सोडायचे नाहीत. एबेल मात्र चेंडू थापटत थेट मध्यरेषेपर्यंत यायचा, तिथे थांबायचा, समोरच्याकडे बघून दात काढायचा आणि मग चेंडू भिरकावून रमतगमत परत जायचा. त्या हसण्यावर मिलबर्न गावचे लोक तर इतके जळायचे, की खास त्याला शिव्या घालायला तिकीट काढायचे.

१९१२च्या उन्हाळ्यात लंडनच्या शहाण्यांनी नियम बदलला. गोलरक्षकाने हात लावायचा तो फक्त गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीत.

नियम एबेलला कळला होता, हातांना कळला नव्हता. सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यात तो सवयीने धावत बाहेर आला आणि चौकटीबाहेर चेंडू उचलला. शिट्टी, फ्री किक, गोल. उत्तरार्धात पुन्हा तेच. क्रॅगशॉ हरलं आणि संघाचे मालक, खाटीक ऑगडेनसाहेब, लालबुंद झाले.

"एबेल, उद्यापासून पर्सी उभा राहील," ते म्हणाले. पर्सी वेनराइट म्हणजे नुकताच आणलेला, शिडीसारखा उंच तरुण गोलरक्षक. "ऑक्टोबरात मिलबर्न येतंय. तेवढा सामना तुला देतो, लोक तुलाच बघायला येतात म्हणून. तेव्हाही हात बाहेर गेला, तर परत गासड्या उचलायला जा."

"साहेब, हात माझं ऐकत नाहीत."

"मग पायांना सांग काहीतरी."

घरी सेलिनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढे मटणाचा रस्सा ठेवला. "पाय तुझे आजवर फक्त उभं राहायला होते," ती म्हणाली. "सोमवारी बघते."

सोमवारी खेळाडूंना सुट्टी आणि सगळ्या गावाची धुणी. घरांमागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओल्या चादरी. त्या दिवशी कोळसेवालाही गाडी आत घालत नाही, जिवाची भीती असते. सेलिनाने नवऱ्याचे हात एप्रनच्या नाड्यांनी पाठीमागे बांधले आणि चेंडू पायापाशी टाकला. या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. ज्या घराच्या कपड्याला चेंडू लागेल, त्या घरचं धुणं एबेलने पिळायचं, यंत्राचा दांडा फिरवून.

"एबेल, माझी उशीची खोळ," शेजारीण बर्था पिलिंग दारातून म्हणाली. "ये आत, दांडा वाट बघतोय."

"तो डाग आधीचा आहे, बर्था."

"आधीचा असता तर मी वर टांगली असती का? चल, पलंगपोस पण राहिलाय."

बर्था आपली दोरी मुद्दाम खाली बांधते अशी कुजबुज होती, आणि तिने ती नाकारलीही नाही. महिनाभर त्या गल्लीतल्या एकाही बाईने स्वतःचं धुणं पिळलं नाही. पण एबेलला हळूहळू उमगलं: चादर वाऱ्याने पुढे झेपावते तेव्हा थांबायचं, ती मागे वळली की निसटायचं. चेंडूकडे नाही, चादरीकडे बघायचं. शेवटच्या सोमवारी तो कोरडा आला आणि कोरडाच गेला. बर्थाने दिवसभर तोंड पाडलं होतं.

मिलबर्नचा सामना एक-एक बरोबरीत होता, वेळ संपत आली होती, आणि त्यांचा रिग्बी एकटाच सुटला. एबेल धावत बाहेर आला. चौकट मागे पडली.

"सेलिना, हात बघ त्याचे," गर्दीत बर्था पुटपुटली. "निघाले वर."

"गप बस गं," सेलिना म्हणाली, पण तिनेच डोळे मिटले.

हात छातीपर्यंत वर आले आणि मुठी होऊन पाठीमागे गेले. पायाने चेंडू घेतला. रिग्बी झेपावला, एबेल क्षणभर थांबला, रिग्बी चिखलात घसरत गेला. दुसरा आला, तोही तसाच गेला. एबेल मध्यरेषेपाशी पोचला आणि थांबला. मिलबर्नचे खेळाडूही थांबले. हा इथून परत फिरतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हाताने खेळणाऱ्याची जमीन तिथे संपत होती.

पण पायाने खेळणाऱ्याला कोणी अडवलं होतं? लंडनवाल्यांनी त्याचे हात चौकटीत कोंडले आणि सगळं मैदान त्याच्या पायांना मोकळं ठेवलं, हे त्याला तिथे उभं असताना सुचलं. त्याने दात काढले आणि रेषा ओलांडली.

आता याचं करायचं काय, हे मिलबर्नमधल्या कोणालाच कळेना. एबेलने मारलेला फटका काही देखणा नव्हता. तो त्यांच्या गोलरक्षकाच्या गुडघ्यावर आदळून लंगडत जाळ्यात गेला. मैदानात टोप्या उडाल्या, आणि ज्याच्या त्या त्याला परत मिळाल्या नाहीत. एबेल मात्र रिकाम्या गोलाकडे जीव खाऊन परत पळत होता.

"गोलरक्षकाने गोल सोडून जायचं असतं का रे?" नंतर ऑगडेनसाहेबांनी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण जमेना.

"नियमात मनाई आहे का, साहेब?"

साहेबांनी विचार केला. "नाही."

"मग पर्सीला कोट घालायला सांगा. बिचारा काठावर गारठलाय."

लढाईची वर्षं सोडली तर चाळिशीपर्यंत क्रॅगशॉच्या गोलात एबेलच उभा राहिला. मध्यरेषा त्याने पुढे किती वेळा ओलांडली, ते बर्थाला विचारा. दर वेळी ती एक वाढवून सांगते, आणि गावात तिला कोणी टोकत नाही.