विकलेली गाडी आणि राखलेला बोनस

वाचकहो, मन घट्ट करा. लातूर जिल्ह्याच्या गुन्हेगारी इतिहासातलं एक अतिभयंकर प्रकरण आज उघड करतो आहे. यात खून नाही, दरोडा नाही. यात आहे एका जुन्या मोटारसायकलच्या विम्यावर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत. हसू नका. ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं.

शहरातले एक शिक्षक माझ्या पोलीस ठाण्यात आले. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. "साहेब, माझी मोटारसायकल दारातून चोरीला गेली." लेखी अर्जही तयार.

गाडी शोधावीच लागली नाही. आदल्या दिवशी ती रेणापूरजवळ एका म्हाताऱ्याला धडकली होती. चालवणाऱ्या पोरानेच त्याला दवाखान्यात नेलं होतं. कागदावर नाव सरांचं, म्हणून तिथल्या पोलिसांनी सरांना फोन केला. आणि त्यानंतर सरांना चोरी आठवली!

पोराला आणलं. शेतकऱ्याचा मुलगा. पोलीस भरतीत मैदानी पास, लेखी पास, फक्त चारित्र्य पडताळणी बाकी. चोरीचा गुन्हा नोंदला की खाकी संपली.

"चोर कुठं म्हाताऱ्याला दवाखान्यात न्हेतो का साहेब?" पोराने विचारलं. "सरांकून इकत घेतली म्या. कितीदा गेलो, नावावर करून द्या म्हणून. सर म्हणले, गडबड कशाला करायलास?"

"विक्रीचा कागद?"

"माझे गुरुजी हायत त्ये, साहेब. त्यायला कागद कसा मागू?"

 

दुपारी सरांच्या विमा एजंटाचा फोन. "साहेब, माझं नाव नका घेऊ. सर मला विचारत होते, चोरीची फिर्याद दिली तर अपघात माझ्या विम्यावर येत नाही ना? बोनस शाबूत राहतो ना?"

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं घरी ठेवतात. सरांनी गाडी विकली आणि विमा घरी ठेवला! नाव बदललं तर साठलेली सवलत घेणाऱ्याकडे जाईल, ही धास्ती. अहो, जाते कुठे? बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी रीतसर दुसऱ्याच्या नावावर करायची, कंपनीकडून बोनसचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि नव्या गाडीच्या विम्याला लावायचं. एजंटाने हे सांगितलं तेव्हा मी टेबलावर असा हात आपटला की चहा सगळ्या फायलींनी प्यायला. जे हक्काने मिळणार होतं, ते वाचवायला हा माणूस स्वतःच्या विद्यार्थ्याला चोर ठरवायला निघाला होता!

सराईत चोर मी पुष्कळ पाहिले. त्यांच्यावरचा राग संध्याकाळपर्यंत उतरायचा. हा उतरला नाही. सभ्य माणूस घाबरला की आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यालाच आधी पुढे ढकलतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

पण एजंट जबाब द्यायला तयार नव्हता. मग म्हटलं, आधी घटनास्थळाचा पंचनामा करू. दोन पंच आणि पोराला जीपमध्ये घातलं आणि सरांच्या दारात उभा राहिलो. सरांनी बोट दाखवलं, "इथून गेली."

तेवढ्यात सरांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. पोराला पाहून चेहरा खुलला. "अरे, तू होय! गाडी बरी चालतेय ना?"

"अगं, आत जा! चोर आहे तो!" सर ओरडले.

बाई थबकल्या. त्यांनी पोराकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, शेवटी नवऱ्याकडे. आणि दोन्ही पंचांच्या देखत म्हणाल्या,

"अहो, मग चोराला ओवाळून हातात चावी द्यायला मला कशाला सांगितलंत?"