काळ्या फिती बांधलेली मुले

वयाच्या साठाव्या वर्षी मी अक्षरे शिकले. अमेरिकेत, टेक्सासमधील प्लेनो गावाजवळ एका चर्चच्या दालनात प्रौढांचा वर्ग भरत असे. तेथे माझ्या शेजारी ऑफेलियाबाई बसत. त्या मूळच्या मेक्सिकोच्या. मोटेलातील खोल्या साफ करीत. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलत असू. त्यांच्याविषयी लिहिणे मी कर्तव्य समजते.

त्यांच्या वस्तीतील मुले पायी शाळेत जात. वाटेत सहापदरी रस्ता. सिग्नल नाही, पदपथही नाही. १९८४च्या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या मुलीला, लुपिताला, मोटारीचा आरसा घासून गेला. दंडाला टाके पडले. ऑफेलियाबाईंनी नगरपालिकेत जाऊन सिग्नल मागितला. त्या रस्त्यावर पायी कोणी चालतच नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

एके सकाळी तेथून अंत्ययात्रा गेली. टेक्सासमध्ये शववाहिनी दिसली की अनोळखी माणसेही मोटार कडेला घेऊन थांबतात. सारा रस्ता थबकला आणि मुले निर्धास्त पलीकडे गेली.

पुढच्या सोमवारी ऑफेलियाबाईंनी मला सोबतीला बोलावले. मी तेथे पोहोचले. प्रत्येक मुलाच्या दंडाला, तिकडे शोकात बांधतात तशी, काळी फीत होती. बाईंनी स्वतः काळी ओढणी घेतली होती व हातात पेटती मेणबत्ती धरली होती. आमच्यात लेकरांसमोर मरणाचा शब्दही कोणी काढीत नाही.

मी म्हणाले, "बाई, हे अशुभ आहे. सोडा त्या फिती."

"सिन्योरा, आज मी मुलांच्या पुढे चालते," त्या म्हणाल्या. "नाहीतर एक दिवस मागे चालावे लागेल."

त्या रस्त्यात उतरल्या. मोटारी थांबल्या. एका गृहस्थाने टोपी छातीशी धरून हळू आवाजात विचारले, की कोण गेले?

"अजून कोणीच नाही."

त्याने मुलांच्या पाठीवरची दप्तरे पाहिली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मागच्या मोटारीतील माणसाने मात्र शिव्या दिल्या व पोलिसांना कळवीन असे बजावले.

मंगळवारी खरोखरच पोलीस आला. ही थट्टा बंद करा, असे सांगण्यासाठी तो रस्त्याच्या मधोमध हात वर करून आमच्याकडे चालत आला. गणवेश पाहून दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबल्या. ऑफेलियाबाईंनी नुसती मान हलवली. मुले त्याच्या दोन्ही अंगांनी पलीकडे गेली. तो रागावून बरेच बोलला. बाईंनी खाली मान घालून सर्व ऐकले, मग विचारले,

"उद्या किती वाजता याल?"

तो मोटारीत बसून निघून गेला. बुधवारी आम्ही पोहोचलो तेव्हा तो आधीच येऊन मोटारींकडे तोंड करून उभा होता.

सिग्नल मात्र त्या वर्षी लागला नाही.