पायापाशी मावणारा अ‍ॅम्प

माझा गिटारचा जुना अ‍ॅम्प उचलायला दोन माणसं लागायची, आणि दुसरं माणूस ऐनवेळी गायब व्हायचं. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत ते खपून गेलं. तेव्हा टेम्पो होता, उचलायला पोरं होती, आणि गिटारवाला म्हणून मी नुसता पुढं चालायचो. मग ऑर्केस्ट्रा बंद पडला, टेम्पो विकला गेला आणि शेवटी आम्ही दोघंच उरलो. मी, आणि बँकेत नोकरी करणारी, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान असलेली आमची गायिका. ती मला दादा म्हणते. वाढदिवस, डोहाळजेवणं, जयसिंगपूरच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाल्याचा सोहळा, असले घरगुती कार्यक्रम आम्ही करायचो. शिवाय दर शनिवारी संध्याकाळी कळंब्याच्या बाजूच्या एका हॉटेलात, हिरवळीवर, दोन तास. निवृत्तीनंतर माझ्याकडं आठवडाभर वाट बघावी असं तेवढं एकच काम उरलं होतं. तो शनिवार गेला तर माझं काय होणार, हे मी स्वतःलासुद्धा विचारत नव्हतो.

गेल्या वर्षी कंबरेनं सांगून टाकलं की तो ठोकळा आता उचलायचा नाही. बायकोचं मी कधी ऐकलं नाही, पण कंबरेपुढं कुणाचं चालतं? नवा, हलका अ‍ॅम्प घ्यायचं ठरलं. अटी सोप्या होत्या. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत मावला पाहिजे, बॅटरीवर चालला पाहिजे, गिटार आणि माइक दोन्ही लागले पाहिजेत, आणि जेवणाऱ्या चाळीस माणसांच्या गलक्यातून आवाज पोचला पाहिजे. मी स्कूटरच्या त्या जागेचं माप घेऊन पुठ्ठा कापला. तो काखेत मारून वाद्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा बघणाऱ्याला मी चप्पल शिवून घ्यायला निघालोय असंच वाटलं असणार.

इथं माझ्या कानाविषयी सांगायला हवं, कारण सगळा माज त्याचाच होता. तीस वर्षं मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत तपासनीस होतो. ओतून गार झालेला लोखंडी भाग साखळीला टांगायचा, त्याच्यावर हातोडीनं हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. माल धड असला तर घंटेसारखा घुमतो, आत तडा असला तर मडक्यासारखा वाजतो. मशीन लावून बघायच्या आधी मला विचारायचे आणि मी हात हलवला की तो माल बाद. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. ते मी खिशात ठेवायचो. बोळे घातल्यावर ऐकणार काय, कपाळ? आणि सुटी झाली की रात्रीच्या ऑर्केस्ट्रात भिंतीएवढ्या स्पीकरशेजारी उभा राहायचो.

आमच्याकडं दुकानात कुणाला एकट्यानं काही विकत घेता येत नाही. तुम्ही चप्पल घ्या, म्हैस घ्या नाहीतर अ‍ॅम्प, शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस तुमच्यापेक्षा जास्त मन लावून निवड करतो. त्या दिवशी राधानगरीकडचे एक गृहस्थ भजनी मंडळासाठी टाळ बघायला आले होते. टाळ बाजूला ठेवून ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

दुकानदार माझ्या ओळखीचा. त्यानं पहिला अ‍ॅम्प लावला. मी गिटार जोडली, दोन-चार सूर वाजवले. आवाज बसका वाटला. दुसरा लावला, तो गोधडीखाली वाजल्यासारखा.

"अवो लई ग्वाड हाय की ह्यो," राधानगरीकर म्हणाले.

"टाळाला ठीक आहे," मी म्हटलं.

तिसरा सगळ्यांत लहान होता. पुठ्ठ्यावर ठेवला तर चारी बाजूंनी बोटबोटभर जागा उरली. मी ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण पार वर नेलं आणि तार छेडली. तेव्हा मला कितीतरी दिवसांनी तार तारेसारखी ऐकू आली. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"दादा, ह्यो नगो," दुकानदार म्हणाला. "शिस मारतोय, नुसतं सूं करतोय. ऐका की."

मी वाजवायचं थांबलो. दुकानात शांतता झाली. मी अ‍ॅम्पला कान लावला. काही नाही.

"कुठंय शिस? एकदम शांत आहे. महागातला खपवायचा असेल तर तसं सरळ सांग की."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. राधानगरीकरांनी "अवो पावणं," म्हणून तोंड उघडलं, तर दुकानदारानं त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी तोंड मिटलं आणि ते पुन्हा टाळ बघायला लागले. ज्या गावात पाहुणा यजमानाला रस्सा अळणी झालाय म्हणून पंगतीतच सांगतो, तिथं दोन माणसं एकदम गप्प बसली, आणि मला वाटलं, मी जिंकलो. अ‍ॅम्प घेतला, पायांच्या मध्ये ठेवला आणि रंकाळ्यावरून एक जादाची चक्कर मारून घरी आलो.

घरी सगळी बटणं मनासारखी लावली आणि फौंड्रीतल्या सवयीनं प्रत्येक बटणाच्या जागेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. पुढचे दोन महिने झकास गेले असं मी सगळ्यांना सांगत होतो. हिरवळीवरच्या पुढच्या टेबलांवर माणसं बसायची आणि थोड्या वेळानं उठून मागं जायची. पुढं डास फार आहेत, असं मी मालकाला दोनदा सांगितलं. त्यानं धूर करायची व्यवस्था केली. गायिकेनं तिची शाल अ‍ॅम्पवर टाकायला सुरुवात केली. दव पडतंय, खराब होईल, असं ती म्हणायची, आणि तिला माझ्या वस्तूची किती काळजी म्हणून मला कौतुक वाटायचं.

मग एका शनिवारी मध्यंतरानंतर बघितलं तर ट्रेबलचं बटण ठिपक्यापासून कुठल्या कुठं खाली. वाटलं, वेटरचा धक्का लागला असेल. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी गाणं संपल्या संपल्या मी गर्रकन मागं वळलो आणि तिचा हात बटणावर सापडला.

"हात लागला, दादा," ती म्हणाली.

लोकांसमोर मी पुढचं गाणं सुरू केलं. पण कार्यक्रम संपल्यावर गाड्या लावतात तिथं मी तिला गाठलं आणि मनातलं सगळं ओकलो. तुला तुझाच आवाज वर पाहिजे, गिटार दाबायची, ऑर्केस्ट्रात तुला उभं कुणी केलं, हे सगळं काढलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. मग तिनं पर्स स्कूटरच्या सीटवर ठेवली.

"दादा, ते कानाला लई टोचतंय. पयल्या दिवसापासनं. पुढची माणसं डासानं उठत न्हाईत. आणि मी गाताना श्वासाला थांबतो न्हवं, तेवढ्यात नुसती शिस ऐकू येती. सगळ्यांना येती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तुमी कानाचं माणूस."

रागानं का होईना, मी कानाची तपासणी करून घ्यायला गेलो. काचेच्या एका लहानशा खोलीत बसवतात, कानावर हेडफोन घालतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबत होतो. मग आवाज बंद झाले. मशीन थांबवली असेल म्हणून मी काचेतून बघितलं. तपासणारी मुलगी मान खाली घालून काम करतच होती. बटण फिरवायची, माझ्याकडं बघायची, कागदावर खूण करायची, पुन्हा फिरवायची. आत्ता, या क्षणी माझ्या कानात आवाज सोडले जाताहेत, हे मला समजलं. एकदा नुसतंच दाबावं असंही मनात आलं. तीस वर्षं मी माल बाद करत आलो, आता माझी पाळी होती.

तिनं कागद दाखवला. रेघ बरीच सरळ चालली होती आणि मग एकदम खाली कोसळली होती. बारीक, उंच आवाज गेलेत म्हणाली. परत येणार नाहीत. कानातलं मशीन लावलं तर बोलणं नीट कळेल. "आणि गिटार?" मी विचारलं. त्याबद्दल मी शब्द देऊ शकत नाही, म्हणाली. ती चांगली होती. तिनं खोटं सांगितलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी बटणं गायिकेनं तिच्या कानानं लावली. शिस अ‍ॅम्पचीच होती, ती पुरती गेली नाही, पण टोचणं गेलं. पुढची माणसं जागेवर बसून राहिली. माझ्या बोटांखाली मात्र तारा होत्या आणि कानात त्यांची सावली. सूर लागला की निसटला, हात पुढं गेला की मागं राहिला, मला कळेना. कार्यक्रम संपल्यावर ती "छान झालं, दादा" म्हणाली. हेच वाक्य तिनं यापूर्वी शंभर वेळा म्हटलं असेल आणि मी शंभर वेळा ते खिशात घालून घरी गेलो असेन. त्या दिवशी ते खरं की खोटं हे मला ठरवता येईना, आणि ठरवायला माझ्याकडं दुसरं काही साधन नव्हतं.

मग मी वाजवताना तिच्या चेहऱ्याकडं बघायला लागलो. भुवई जरा हलली की हात आखडता घ्यायचा. पहिलीतलं पोर बाईंच्या तोंडाकडं बघत पाढे म्हणतं तसं माझं चाललं होतं. तिच्याही ते ध्यानात आलं. माझी नजर चुकवायला ती अंधारात कुठंतरी बघून गायला लागली, आणि एका शनिवारी, हजार वेळा गायलेल्या गाण्यात, तिचा दुसरा अंतरा चुकला. ऑर्केस्ट्रात ती आल्यापासून तिचा शब्द कधी चुकलेला मला आठवत नाही. ती नुसती हसली आणि पुढं गायली.

त्या संध्याकाळी अ‍ॅम्प स्कूटरवर ठेवता ठेवता मी म्हटलं, "पुढच्या वेळेपासून तू ट्रॅकवर गा. हॉटेलात स्पीकर आहेच."

ट्रॅकवर, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या संगीतावर, गाणाऱ्यांची ती कायम टर उडवायची. त्या डब्याबरोबर गाण्यापरास घरात भांडी घासीन, असं म्हणायची. आता ती भांडणार, आपण दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विरघळायचं, अशी तयारी करून मी बोललो होतो. "असं काय बोलताय, दादा" या वाक्यासाठी मी गाडीची किल्लीसुद्धा लावली नव्हती.

"चालतंय की, दादा," ती म्हणाली. लगेच म्हणाली. आणि तिच्या आवाजातली सुटका मला अगदी स्वच्छ ऐकू आली.