पाठीवरची माती

सकाळी फिरून येताना तालमीच्या दारात थांबलो. आखाड्यात एकटाच पैलवान तांबडी माती अंगाला चोळत होता. दंडाला लागली, मांडीला लागली. पाठीपर्यंत मात्र हात पोचेना.

"जोडीदार आला नाही आज, काका," तो हसून म्हणाला. "जोर-बैठका एकट्यानं होतात, पण लढत कुणाशी करू? पाठीला तेवढी माती लावता का?"

चपला काढून आत उतरलो. त्या घामेजल्या पाठीवर हात फिरवताना वाटलं, काय रीत आहे ही! एरवी ही माती तोच लावतो, ज्याला पुढच्या क्षणी याला आडवं करायचं असतं. याचा पाय कुठे ढिला पडतो, हेही त्यालाच ठाऊक.

आमच्या घरी हे काम माझी बायको करायची. पेपरातल्या बातमीवरून, भाजीतल्या मिठावरून रोज एक झटापट ठरलेली. ती गेल्यापासून मुलगा आणि सून माझं सगळं ऐकतात.

घरी येऊन चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "अगदी पांचट झालाय."

"हो बाबा, दुसरा करते," म्हणत सूनबाई लगेच उठली.

चहा खरं तर चांगला झाला होता.